गाडी कुठंच तापली नाही

जाफराबादहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की गावाबाहेर एका लिंबाखाली दोन-चार गाड्या तोंड वासून उभ्या दिसतात. बोनेट वर केलेलं, आणि त्यात कमरेपर्यंत शिरलेला एक माणूस. ते काकासाहेब फदाट. त्यांना तोंडावरून ओळखणारे थोडे आणि पाठीवरून ओळखणारे जास्त, असं त्यांच्या घरातच गमतीनं म्हणत.

काकासाहेब मूळचे धावड्याकडचे. घरी शेती चांगली होती, पण रानात त्यांचा जीव रमला नाही. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की मात्र ताटावरून उठून तिथं जाऊन बसत. वडिलांनी हे पाहिलं आणि त्यांना जालन्याला एका उस्तादाच्या हाताखाली घातलं. उस्ताद गाडीच्या पाण्याचं काम करायचा. रेडिएटर गळतो, इंजिन उकळतं, पाणी टिकत नाही, असल्या तक्रारींच्या गाड्या लांबून त्याच्याकडं यायच्या. काकासाहेबांनी त्याची विद्या उचलली आणि परत येऊन लिंबाखाली दुकान टाकलं.

सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते दुकानात येत. पहिल्या गाडीच्या बोनेटला हात लावून तो हात छातीला लावत आणि मगच पाना उचलत. दुखणं शोधायची त्यांची एक रीत होती. ड्रायव्हर तक्रार सांगायला लागला की ते त्याला हातानंच गप्प करत. इंजिन चालू करायला लावत आणि एकेका पाइपावर तळहात ठेवत. हा पाइप गरम, हा गार, हा नुसताच कोमट. वैद्यानं नाडी धरावी तसं त्यांचं ते चाले. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले तर गॅस्किट गेलं, खालचा पाइप गारच राहिला तर रेडिएटर तुंबला, पंख्याचा पट्टा ढिला असला तर तो नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचा. आणि दुखणं सापडलं की ड्रायव्हरची खरडपट्टी ठरलेली.

"गाडीला पाणी पाजतो का नुसतं डिझेल?"

"काका, रोज बघून राह्यलो ना पाणी."

"डोळे मिटून बघतो का मंग?"

लोक हसत, ड्रायव्हरही हसे. काकासाहेबांचं बोलणं कोणी मनाला लावून घेत नसे, कारण हातून निघालेली गाडी पुन्हा उकळत नसे.

त्यामागं उस्तादाचीच एक शिकवण होती. इंजिनाचं पाणी रेडिएटरकडं जातं त्या वाटेवर वाटीएवढा एक वॉल बसवलेला असतो. थर्मोस्टॅट म्हणतात त्याला. पाणी नीट तापेपर्यंत तो वाट बंद ठेवतो, तापलं की उघडतो. जुना झाला की कधी कधी बंदच अडकतो, आणि मग गाडी उकळते. उस्ताद म्हणायचा, अपने इधर की गर्मी में इसका क्या काम, निकाल के फेंक. काकासाहेब गाडी हातात आली की आधी तो वॉल काढत. अडकलेला असो की चांगला असो. मालकाला विचारण्याचीही गरज त्यांना वाटत नसे. वॉल नसला तर अडकणार कसा, हा त्यांचा साधा हिशेब. आसपासच्या गावांतल्या किती गाड्या त्यांच्या हातून बिनवॉलाच्या झाल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती. आणि आपल्याकडं बाराही महिने गाड्या तापण्याचीच भीती असते, थंड पडण्याची नसते. त्यामुळं त्या हिशेबात काही चुकतंय हे कळायला कारणच पडलं नाही.

त्यांच्या पत्नी गिरिजाबाई गावातल्या भजनी मंडळात होत्या. मंडळ चतुराबाईंचं. चतुराबाई म्हणजे विठ्ठल मंदिरातला आवाज. सत्तरीच्या पुढं गेलेल्या, पण अभंगाची पहिली ओळ त्यांनी उचलली की रस्त्यानं जाणारा पाय थांबवी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि बद्रिनाथाला ब्रह्मकपाळावर आपल्या हातानं मालकांचा पिंड ठेवायचा, एवढी एकच इच्छा त्या बोलून दाखवत. यंदा मंडळातल्या बायांनी ठरवलं की चतुराबाईंना घेऊन केदार-बद्रीला जायचंच.

गाडी ठरली हरिओमची. हरिओम तीर्थपुरीकडचा, पण लग्न झाल्यापासून जाफराबादेत राहिलेला. स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर होती. शिर्डी, तुळजापूर, माहूर असे फेरे करी. बोलणं कमी. बायाबापड्यांना चढताना हात देई, देवळाबाहेर त्यांच्या चपला सांभाळत बसे. बायांचा त्याच्यावर जीव होता.

निघायच्या आधी तो काकासाहेबांकडं गाडी घेऊन आला.

"काका, हिमालयात चाललो. तिकडं घाट लई हायेत म्हणतात. गाडी तापली तं बाया माझ्या नावानं खडे फोडतील."

"माझ्या हातून गेलेली गाडी तापून दाखव," काकासाहेब म्हणाले. "तुझी काकूच बसणार हाये त्यात. मी कच्चं काम करीन का?"

त्यांनी रेडिएटर धुऊन दिला, पाइप बदलले, पट्टा ताणला, आणि सवयीप्रमाणं वॉल काढून झाकण परत बसवलं. हरिओमनं पाया पडून गाडी नेली.

दिवाळीच्या आधी बाया परत आल्या. काकासाहेब उतरवून घ्यायला गेले तर गाडीत भजन नव्हतं. एकेक बाई गुमान खाली उतरली. चतुराबाईंना दोघींनी धरून उतरवलं. त्यांनी काहीतरी म्हटलं, पण घशातून नुसती घरघर आली.

गिरिजाबाईंनी घरी आल्यावर सगळं सांगितलं. केदारनाथ झालं. तिथून बद्रिनाथाकडं जाताना मधल्या जंगलातल्या रस्त्यावर पाऊस आणि वारा. हरिओमनं हिटर लावला, पण जाळीतून वारा येई तो विहिरीतून आल्यासारखा गार. त्यानं हिटरची दांडी पार टोकाला ओढली, तरी तेच. बाया गोधड्यांत गुरफटल्या. चतुराबाईंनी आपली शाल शेजारच्या उलट्या करणाऱ्या पोरीला दिली. जोशीमठाला पोचेतो त्यांना हुडहुडी भरली आणि छातीत कफ दाटला. डॉक्टरनं सांगितलं, यांना वर न्यायचं नाही. बाकीच्या वर गेल्या, दर्शन करून आल्या. चतुराबाई जोशीमठाच्या धर्मशाळेत पडून राहिल्या. पिंड राहिला तो राहिलाच.

"त्या मेल्यानं हिटर लावलाच न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या. "दांडी ओढल्याचं सोंग. डिझेल जळतं ना हिटरला. डिझेल वाचवलं त्यानं, आन चतुराबाईचा देव चुकवला."

काकासाहेब पाय धूत होते, लक्ष अर्धंच होतं. ते म्हणाले, "पोरगा तसा वाटत न्हाई. पण डिझेलचा मोह कोणाला सुटलाय."

हे त्यांचं वाक्य गिरिजाबाईंनी मंडळात सांगितलं. बाजारात, पिठाच्या गिरणीवर, पाण्याच्या टाकीपाशी ते फिरलं. आता काकासाहेबांसारखा गाडीतला जाणता माणूसच म्हणतो म्हटल्यावर शंका कशाला उरते. हरिओमच्या गाडीला माहूरची बोलणी चालली होती, ती मोडली. चहाच्या दुकानावर त्याला लोक विचारू लागले, "काय हरिओम, हिटरचं डिझेल कुठं साठवलं?"

कार्तिक संपत आला, सकाळी हवा बोचरी होऊ लागली, तेव्हा एक दिवस हरिओम गाडी घेऊन लिंबाखाली आला. दाढी वाढलेली.

"काका, तेवढा हिटर बघा. मी तव्हा चालूच ठेवला व्हता. माझ्या पोरीची शपथ घेऊन सांगतो. हिटर खराब व्हता एवढं तुम्ही तोंडानं बोलला ना, तं लोक ऐकतील तुमचं."

काकासाहेबांना त्याची कीव आली. "बघू. उद्या सकाळी बघतो. आज गाडी इथंच ठेव. इंजिन पार गार पाहिजे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या काचांवर दहिवर होतं. काकासाहेबांनी गंध लावलेल्या कपाळानं बोनेट उघडलं. पाणी पाहिलं, बराबर होतं. हिटरची तार पाहिली, दांडी ओढली की पाण्याचा नळ पुरता उघडत होता. पंखा फिरत होता. मग इंजिन चालू करून त्यांनी हिटरकडं जाणारे दोन्ही पाइप धरले. एक गरम आणि एक गार असता तर हिटरच्या आतली नळी तुंबलेली. पण दोन्ही सारखे. दोन्ही कोमट. बराच वेळ इंजिन चाललं तरी कोमटच.

म्हणजे हिटरला काही झालंच नव्हतं. त्याच्याकडं गरम पाणीच येत नव्हतं.

त्यांनी आत वाकून इंजिनाची गर्मी दाखवणाऱ्या काट्याकडं पाहिलं. काटा तळाशी. आणि मग त्यांचा हात सवयीनं वरच्या पाइपावर गेला, जो इंजिनातून रेडिएटरकडं जातो. पाणी तापेपर्यंत तो गार राहायला पाहिजे, कारण तोवर वॉल बंद असतो. तो पहिल्यापासूनच इंजिनाबरोबर कोमट होत चालला होता. इंजिन जरा कुठं तापावं, की सगळं पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन परत येई. आपल्या उन्हात ते खपून जाई. तिकडच्या वाऱ्यात इंजिनच गारठलं, हिटर कशानं तापणार.

हात पाइपावर तसाच राहिला. वॉलच्या झाकणाच्या कडेला, फट बुजवायला लावतात त्या लाल मसाल्याची रेघ दिसत होती. तो मसाला असा बोटानं पुसून लावायची रीत त्यांचीच. झाकण उघडायची गरज नव्हती. तरी त्यांनी इंजिन बंद करवलं, गार होऊ दिलं, बोल्ट काढले आणि आत पाहिलं. आत नुसतं भोक होतं.

"काय सापडलं का?" हरिओम मागून म्हणाला.

काकासाहेबांनी मान वर केली नाही. बोनेटच्या आत माणसाचं तोंड दिसत नाही, हे त्यांना त्या दिवशी बरं वाटलं. चतुराबाईंची घरघर त्यांच्या कानात होती. आणि हिटरला डिझेल लागत नाही हे ठाऊक असूनही, विचार न करता आपणच म्हटलेलं ते डिझेलच्या मोहाचं वाक्य होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि काढलेला बोल्ट बोटांत उगाच फिरत राहिला.

"सापडलं," ते म्हणाले. "तू चहा पिऊन ये. मी तवर आणतो सामान."

समोर नागसेनचं स्पेअर पार्टचं दुकान. नागसेन त्यांच्यापेक्षा लहान, पण दोघांची थट्टा जुनी.

"थर्मोस्टॅट वॉल दे एक. ट्रॅव्हलरचा."

नागसेननं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग आकाशाकडं. "काका, सूर्य बराबर उगवला ना आज? मी दुकान टाकल्यापासून तुम्ही एक वॉल न्हाई नेला. माझे वॉल तुमच्यामुळं गंजून राह्यले."

"देतो का जाऊ भोकरदनला?"

"देतो ना. चिडायला काय झालं. पण नेमकं काय झालं सांगा तं, म्हणजे पुढच्या बारीला जास्त मागवून ठेवतो."

काकासाहेब खोका घेऊन पाठ फिरवून निघाले. नागसेनला त्यात थट्टेपलीकडचं काही कळलं नाही, पण त्यांना वाटलं याला सगळं कळलं. अख्ख्या रस्त्याला कळलं.

वॉल बसला. इंजिन तापलं, काटा मधोमध आला, आणि हिटरच्या जाळीतून असा गरम वारा आला की हरिओमनं हात पुढं धरून डोळे मिटले. मग त्यानं विचारलं, "मंग काय झाल्तं, काका?"

आता बोलायचं होतं. एवढं सरळ वाक्य होतं. काकासाहेबांच्या तोंडातून निघालं ते वेगळंच.

"कचरा अडकल्ता. नळीत."

हरिओमनं मान हलवली आणि विश्वासानं गाडी घेऊन गेला. त्यानं ते लोकांना सांगितलंही. तर लोक म्हणाले, मग कचऱ्याची गाडी म्हाताऱ्या बायांना घेऊन हिमालयात नेलीच कशी? जायच्या आधी बघायला नको का? त्याच्या अंगावरचा एक डाग गेला नाही आणि वर दुसरा बसला.

त्याच आठवड्यात मावंदं होतं. यात्रा करून आलं की गंगेच्या पाण्याची पूजा करून गावाला जेवू घालायचं, ही आपली रीत. आणि ज्यानं सुखरूप नेलं-आणलं, त्याला त्या दिवशी टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन मान करायचा, हीही रीत. मंडळानं विठ्ठल मंदिरात मावंदं घातलं. पुरणाचा घमघमाट रस्त्यापर्यंत येत होता. हरिओमला कोणी बोलावलं नव्हतं.

पूजा झाली, आणि चतुराबाईंनी हातात ताट घेतलं. सगळ्यांना प्रश्न पडला, आता मान कोणाला. त्या काकासाहेबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तिकडं घाटात," त्या फुटक्या आवाजात म्हणाल्या, आणि ऐकायला सगळ्यांना पुढं वाकावं लागलं, "बाकीच्या गाड्या कडंला वाफा सोडत उभ्या व्हत्या. आपली गाडी कुठंच तापली न्हाई. ते तुमच्या हातामुळं. ड्रायव्हरचा मान आम्ही तुम्हाला देऊन राह्यलो."

काकासाहेबांच्या कपाळाला गंध लागलं. खांद्यावर टॉवेल आला. डोक्यावर नवी टोपी आली, ती कोरी असल्यानं कडक होती आणि कानांना काचत होती. गिरिजाबाई बायांच्या घोळक्यातून अभिमानानं पाहत होत्या. त्याच क्षणी सांगायला पाहिजे होतं. चतुराबाईंचे हात अजून ताटावर होते. काकासाहेबांनी त्या हातांकडं पाहिलं, ओठ उघडले, आणि वाकून त्यांच्या पाया पडले. लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस. पुरणपोळीचा एकेक घास पाण्याबरोबर ढकलत त्यांनी पान संपवलं.

घरी येऊन त्यांनी टोपी काढली ती कपाटाच्या वर, हात सहज पोचणार नाही अशी ठेवली. देवघरासमोर बसले तर हात जोडले जाईनात. विठ्ठलासमोर खोटा मान घेऊन आलो, आता घरच्या देवासमोर कसा बसू, असं झालं. ते उठून दारात जाऊन बसले. गिरिजाबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली वाटतं मानाची," आणि मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. त्यांनी ते मुकाट्यानं उतरवून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी हरिओम दुकानावरून चालला होता. गाडी थांबवून खाली उतरला.

"काका, तुमचा मान झाला म्हणं मंदिरात. चांगलं झालं. तुम्ही काम बराबर केल्तं गाडीचं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काकासाहेबांना सोसवलं असतं. हरिओमच्या शब्दाशब्दात खरेपणा होता, आणि तोच त्यांना खाली बसवून गेला. ते टायरवर बसले आणि हातातलं फडकं गुंडाळत राहिले.

"हरिओम, कचरा नव्हता अडकला. वॉल न्हवता त्यात. मी काढला व्हता. जायच्या आधी. त्याच्यानं हिटर गार राह्यला."

हरिओम ऐकत उभा राहिला. त्याला समजायला वेळ लागला नाही, तोही गाडीवरच जगणारा. तो ओरडेल असं काकासाहेबांना वाटलं होतं. तो शेजारच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "मला सांगून काय फायदा, काका? मी हिटर बंद केला न्हाई, हे मला तं ठाऊकच व्हतं. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा."

"सांगतो."

"चतुराबाईला सांगा आधी. बाकीचे काय बी म्हणोत. ती म्हातारी रस्त्यात दिसली की तोंड फिरवती माझ्याकडून. मला ते सहन होत न्हाई."

एवढं बोलून तो गेला.

एकादशीला संध्याकाळी मंडळाचं भजन असे. काकासाहेब मंदिराच्या पायरीशी गेले आणि चपलांच्या ढिगाजवळ उभे राहिले. आत अभंग चालला होता, पण पहिली ओळ दुसरीच कोणीतरी उचलत होती. चतुराबाई टाळ वाजवत होत्या, तोंड मिटलेलं. अभंग संपला तेव्हा गिरिजाबाईंचं लक्ष गेलं. "आत या ना," त्या म्हणाल्या. "भायेर काऊन उभे?"

ते आत जाऊन खांबाशी उभे राहिले. बसले नाहीत.

"मला एक सांगायचंय. हरिओमनं हिटर लावला व्हता. त्याची चूक न्हाई. चूक माझी हाये."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. शालू नावाची, पुढं बसलेली एक सून म्हणाली, "आवं काका, हिटर बिघडला आसंल. तुमचं काय त्यात? तुम्ही तं गाडी तापू न्हाई दिली."

"न्हाई दिली, तेच तं."

"तुम्ही मोठ्या मनाचे. त्या हरिओमला वाचवून राह्यले."

त्यांना कोणी दोषी होऊच देईना. हे सगळ्यात अवघड होतं. वॉल, पाइप, रेडिएटर हे शब्द या देवळात कोणाला कळणार नव्हते. ते म्हणाले, "चतुराबाई, भाताला आधण ठेवलं आन जरा कोमट झालं की दर बारीला त्यात गार पाणी ओतलं, तं भात शिजंल का?"

"कसा शिजंल?"

"गाडीतलं पाणी तापेपर्यंत गार पाणी आत येऊ नये, म्हणून एक झाकण असतं. ते मी काढून टाकलं. इथल्या गर्मीत लागत न्हाई म्हणून. सगळ्याच गाड्यांचं काढत आलो. तुमच्या गाडीला पाणी तापलंच न्हाई तिकडं. हिटर त्याच पाण्यावर चालतो, डिझेलवर न्हाई. हरिओमनं दांडी ओढली तं त्यात गार वाराच येणार व्हता."

चतुराबाईंनी टाळ खाली ठेवले. त्या त्यांच्याकडं एकटक पाहत होत्या, रागानं नाही, काही जुळवून पाहत असल्यासारख्या.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

या प्रश्नाची त्यांना भीती होती. 'आता कळलं' म्हणता आलं असतं. कोणी तपासायला जाणार नव्हतं.

"मावंद्याच्या आधी," ते म्हणाले. "तुम्ही टोपी घातली तव्हा मला ठाऊक व्हतं."

गिरिजाबाईंनी पदर तोंडावर ओढला. कोणीतरी खोकलं. चतुराबाई उठल्या, खांबाचा आधार घेत त्यांच्याजवळ आल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की फक्त काकासाहेबांनाच ऐकू गेलं असेल.

"पिंड राह्यला त्याचं मी देवावर टाकलं व्हतं. आन राग त्या पोरावर. आता राग काढून घ्यायचा तं तो ठेवू कुठं, सांगा."

काकासाहेब खाली ठेवलेल्या टाळांकडं पाहत राहिले.

"उद्या सकाळी आम्ही सगळ्या हरिओमच्या घरी जाऊ," त्या मोठ्यानं बोलायचा प्रयत्न करत म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तं तो संकोचानं असू द्या म्हणंल, आन आमचं आम्हाला बोलता येणार न्हाई."

घरी आल्यावर गिरिजाबाई चुलीपुढं पाठ करून बसल्या. "मला घरात सांगायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "भर बाजारात चोर म्हणले मी त्याला. तुमचं वाक्य तोंडात धरून."

"व्हय."

"नुसतं व्हय म्हणून कसं?"

त्यांनी फराळाचं ताट पुढं ओढलं आणि खाल्लं. गिरिजाबाई त्या दिवशी एकादशीचा फराळही न करता झोपल्या.

सकाळी बाया दुकानावरून गेल्या. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या हातात कापडाची पिशवी. चतुराबाई मधे, शालूच्या खांद्यावर हात ठेवून. गिरिजाबाई सगळ्यांच्या मागं, मान खाली. दुकानाकडं कोणी पाहिलं नाही. काकासाहेब एका जीपच्या बोनेटमध्ये वाकले होते. त्या घरात काय बोलणं झालं, कोण रडलं, हरिओमनं टोपी घेतली की नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

जीपचा मालक मात्र घाईत होता. राधेश्याम त्याचं नाव, भोकरदनला सवारी नेणारा.

"काका, जल्दी करा. गाडी थंडीत पिकअप घेऊन न्हाई राह्यली. काटा वर येतच न्हाई."

काकासाहेबांनी वरच्या पाइपावर हात ठेवला. कोमट.

"वॉल न्हाई त्यात," ते म्हणाले. "नवा टाकावा लागंल."

"न्हाई? कोणत्या येड्यानं काढला?"

समोरून नागसेन दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. आज तो थट्टा करत नव्हता. गावात ऐकायचं ते त्यानं ऐकलेलं दिसत होतं.

काकासाहेबांनी बोनेटमधून अंग बाहेर काढलं आणि राधेश्यामकडं सरळ पाहिलं. कान पुन्हा गरम झाले. देवळात सांगून ही लाज संपेल असं त्यांना कुठंतरी वाटलं होतं. पण तालुकाभर गाड्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरींच्या झाकणावर लाल मसाल्याची तीच रेघ होती.

"मीच काढला व्हता," ते म्हणाले. "मागच्या साली. विचारलं बी न्हाई तुला."

काकासाहेब हात पुसत रस्ता ओलांडून नागसेनकडं निघाले.